भात निघालं की ओल निघते: कोकणासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरचा सल्ला

परतीचा पाऊस ओसरला की हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या भाताला विळा लागतो, मागोमाग मध्यम मुदतीचं निमगरवं आणि उशिरा पिकणारं गरवं. सगळ्या घराचं लक्ष दाणे कणगीत कधी पडतात याकडे असतं. तेवढ्यात खाचरातली ओल मात्र रोज उतरत असते. पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाणी अंगावर घेतलेली जमीन दिवाळीनंतर बघता बघता भेगाळते. ज्याच्याकडे विहीर नाही, त्याच्या रब्बीचं भांडवल ही ओलच. म्हणून कापणी कधी करायची हे ठरवताना भातामागून त्याच ओलीवर घ्यायच्या वालाच्या पेरणीचाही विचार करा.

लोंबीतले ९० टक्के दाणे पिवळे झाले की कापा. बुडाशी चार दाणे हिरवट राहिले तरी चालतील. ते पिकायची वाट पाहत बसलात, तर वरचे झडतात आणि गिरणीत कणी जास्त पडते. दातेरी वैभव विळ्याने जमिनीलगत कापा. पेंढा जास्त मिळतो आणि धसकटात दडलेली खोडकिडीची अळीही कमी होते. दुपारनंतर ढग जमत असतील तर कापलेलं भात रात्रभर मळ्यात पसरून ठेवू नका, त्याच दिवशी झोडून घ्या. साठवायचं भात दाताखाली कट्ट वाजेपर्यंत उन्हात द्या, म्हणजे ओलावा साधारण १२ टक्क्यांवर येतो.

सकाळी खाचरात लोंब्या कुरतडून पडलेल्या दिसल्या तर लष्करी अळी समजा. ती दिवसा चुडांच्या (भाताच्या ठोंबांच्या) बुंध्यात आणि भेगांत लपते, रात्री खाते. तयार भातावर औषध मारू नये. मजूर कमी असले तरी आधी तेच खाचर कापून मोकळं करा.

आता वाल. मूठभर माती हातात दाबा. गोळा झाला आणि बोटाने ढकलल्यावर फुटला, की पेरणीची वेळ आली. हाताला चिखल चिकटत असेल तर दोन-चार दिवस थांबा; गोळाच होत नसेल तर उशीर झालाय, तिथे कुळीथ टाका, तो कमी ओलीवर भागवतो. बियाण्याला आधी ट्रायकोडर्मा (रोग रोखणारी मित्रबुरशी) किलोला ५ ग्रॅम, मग रायझोबियम (नत्र मिळवून देणारं जिवाणूखत) १० किलोला २५० ग्रॅम चोळा आणि सावलीत सुकवून लगेच पेरा. नांगरटीचा आग्रह माझ्या मते सोडावा. जमीन उलथली की राहिलेली ओल दोन दिवसांत उडते. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेल्या एसआरटी (सगुणा राईस टेक्निक) पद्धतीत भाताची मुळं जमिनीतच ठेवून त्याच गादीवाफ्यावर वाल टोकतात. गादीवाफे नसले तरी चुडांच्या ओळींमधून टोकणी करता येते. पुढची तहान मुख्यतः जमिनीतल्या ओलीवर भागते, दवाचा थोडा हातभार लागतो. फुलं येताना शेंड्यांवर मावा बघत राहा. रायगडात तर वाल हुकला की पोपटीही, म्हणजे मडक्यात पाल्यासोबत भाजलेल्या शेंगांची मेजवानीही हुकली, मग भांबुर्डीचा पाला नुसता आणून काय करणार!

खाडीकाठच्या खारट जमिनीत, म्हणजे खारजमिनीत हा सल्ला चालत नाही. तिथे पाऊस थांबला की मीठ वर येतं आणि वाल करपतो. अशा ठिकाणी पनवेल १, २ किंवा ३ यांसारख्या क्षार सोसणाऱ्या भातावरच भर ठेवा आणि मोकळ्या दिवसांत बांधाची खांडं (फुटलेल्या जागा) बुजवा, उधाणाचं पाणी आत शिरता कामा नये. अलिबागकडे पांढऱ्या कांद्याचं रोप टाकायचं असेल तर बी आपल्याच निवडक कांद्याचं वापरा.

हापूसच्या बागेत यावेळी हात आखडता घ्यावा. ऑक्टोबरच्या उन्हात झाडाला ताण बसू द्या. पाणी किंवा नत्र दिलंत तर पालवी फुटेल आणि मोहोर लांबेल. जुलै-ऑगस्टमध्ये पॅक्लोब्युट्राझॉल (वाढ रोखून मोहोर आणणारं संजीवक) दिलेल्या कलमांचं आळं तणमुक्त ठेवा. तरीही कोवळी पालवी आलीच तर तिच्यावर तुडतुडे बसतात. फांदी हलवा, चटचट उडाले तर डेल्टामेथ्रीन २.८ टक्के, १० लिटर पाण्यात ९ मिली, खोडासकट फवारा. सरसकट मोहोर येण्यापूर्वीची ही फवारणी चुकवली, तर पुढे मोहोरावर दुप्पट धावपळ होते.

काजूच्या नव्या पालवीवर काळपट लांबट डाग पडून शेंडे सुकत असतील तर तो ढेकण्या, म्हणजे रस शोषणारा टी मॉस्किटो बग. ढगाळ हवेत तो झपाट्याने वाढतो. लॅम्डा सायहॅलोथ्रीन ५ टक्के, १० लिटरला ६ मिली घ्या. फवारणी सकाळी, वारा पडलेला असताना करा, नाकातोंडाला फडकं बांधा आणि रिकाम्या बाटल्या पऱ्यात (ओढ्यात) टाकू नका.