आजारी माणसाच्या देखभालीला घरी बाई ठेवलीय? तपासणी आपणच करायची

विश्रामबागेत आमच्या आईसाठी ब्यूरोने (देखभालीला माणसं पुरवणाऱ्या संस्थेने) बाई पाठवली, ‘नर्स’ म्हणून. नोंदणी विचारली तर गप्प. नर्स म्हणवणाऱ्यांकडे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागायचाच. नसेल तर इंजेक्शनला हात लावू द्यायचा नाही. आधार, पोलीस पडताळणी हे ठरलेलंच.

खरी तपासणी अवेळी घरी येऊन होते. मी दुपारी ३ ला टपकते. आईला कुशीवर वळवून आधी माकडहाड बघते. लाली बोटाने दाबूनही फिकी होत नसेल तर शय्याव्रणाची (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची) सुरुवात समजा, मग बाईच्या नोंदवहीत दर २ तासांनी कूस बदलल्याचं कितीही सुवाच्य लिहिलेलं असो. नंतर गोळ्या मोजते. एकदा रात्रीची गोळी दुपारीच ‘दिली’ लिहून झाली होती! हेळसांड दिसली आणि ब्यूरो दाद देईना, तर ज्येष्ठांची हेल्पलाइन: १४५६७.