शुगर लो झाली की पेढा नको : या चुका टाळा

सकाळचे साडेसात वाजले असतील. सुदामानगरातल्या माझ्या मेडिकलचं शटर अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात मागच्या गल्लीतल्या काकू धावत आल्या. "भाऊ, आधी चला. हे काहीतरीच बोलतायत."

जाऊन बघतो तर काका पलंगावर बसलेले. बनियन घामानं पाठीला चिकटलेलं, हातातला पेपर थरथरतोय. मला बघून खेकसले, "तुला कोणी बोलावलं?" एरवी हा माणूस इतका मवाळ की दहा रुपयांची उधारी राहिली तरी दोनदा आठवण करून देतो. काकूंनी तोवर आपल्या परीनं इलाज केला होता. आदल्या दिवशीचे दोन पेढे भरवले होते, वर अर्धा कप चहा पाजला होता. चहात साखरेऐवजी शुगर-फ्रीची गोळी, सवयीप्रमाणे.

काका मधुमेही, इन्सुलिनवर. हात धुऊन बोट टोचलं. रक्तातली साखर मोजायच्या मीटरवर आकडा आला ४९.

वीस वर्षं काउंटरवर उभा राहून एक गोष्ट पक्की कळली आहे. आपल्या इंदुरात गोडाला तोटा नाही, पण शुगर लो झाल्यावर जे गोड हाताशी येतं ते बहुतेक वेळा चुकीचं असतं.

७० च्या खाली (म्हणजे १०० मिली रक्तात ७० मिलीग्रॅमपेक्षा कमी साखर) आकडा गेला की शुगर लो समजायची आणि लगेच काहीतरी घ्यायचं. ५४ च्या खाली गेली तर प्रकरण गंभीर, कारण मेंदू जवळजवळ सगळा ग्लुकोजवरच चालतो. तो कमी पडला की माणूस चिडतो, बरळतो, ओळखीच्या माणसाशी भांडतो. घाम, थरथर, छातीत धडधड ही शरीरानं आधी वाजवलेली घंटा.

पेढा, बर्फी, चॉकलेट

यात साखर असते, पण जोडीला खवा, तूप, लोणी. स्निग्ध पदार्थ पोटात रेंगाळतात आणि साखरेलाही रक्तात पोचायला उशीर करतात. जिलबी तुपातली, तिचीही तीच गत. शिकंजीचा घोटाळा तर खास आपल्या गावचा. बाहेर शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत. इथली शिकंजी म्हणजे सुकामेवा घातलेलं घट्ट दुधाचं पेय. परगावचा पाहुणा चक्कर आली म्हणून शिकंजी मागतो आणि त्याच्या हातात हे येतं! चवीला झकास, या कामाला निरुपयोगी.

लागते ती साधी, पाण्यात विरघळणारी साखर, १५ ग्रॅम. म्हणजे चहाचे ३-४ चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर अर्धा ग्लास पाण्यात, नाहीतर साधारण १५० मिली फळांचा गोड रस. मग १५ मिनिटं थांबायचं आणि पुन्हा मोजायचं. अजून ७० च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा. आकडा वर आला आणि जेवायला वेळ असेल, तर पोहे, पोळी, दूध-बिस्किटं असं काहीतरी पोटात जाऊ द्यायचं, नाहीतर तासाभरात शुगर पुन्हा घसरते. डाएट किंवा झिरो लिहिलेलं कोल्ड्रिंक कामाचं नाही, त्यात साखरच नसते.

ती १५ मिनिटं घरच्यांना फार जड जातात. पाच मिनिटांत उतार दिसला नाही की पुन्हा साखर, मग रसगुल्ला, मग मधाचा चमचा. दोन तासांनी मीटर ३०० दाखवतो आणि घाबरून जास्तीचं इन्सुलिन टोचलं जातं. मग पुन्हा लो. हा झोका मी कितीतरी घरांत बघितला आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असलेली शुगरची गोळी चालू असेल, तर घरातली साखर तितक्या लवकर काम करत नाही. ती साखर आतड्यात फोडणाऱ्या क्रियेलाच ही औषधं अडवतात. अशांना ग्लुकोजच द्यावं लागतं. आजकाल तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्यांत व्होग्लिबोज सर्रास असतं आणि खाणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. गोळीची पट्टी उलटी करून मागची बारीक अक्षरं एकदा वाचाच.

"लो झालं" म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे बीपीही लो होतं आणि शुगरही. चक्कर आली की कोणीतरी शहाणा मीठ-पाणी आणतो. शुगर लो असेल तर त्या मिठानं काय होणार? म्हणून मीटर हाताशी असेल तर आधी मोजा. मोजता येत नसेल आणि माणूस इन्सुलिनवर असेल, तर थांबू नका, साखर द्या. एकदा शुगर थोडी वाढली म्हणून काही बिघडत नाही. आणि हो, बोट आधी धुवा. आंबा सोललेल्या बोटावर मीटर भलताच जास्त आकडा दाखवतो.

उलटंही होतं. ज्यांची शुगर महिनोन्‌महिने ३०० च्या आसपास राहिली आहे, त्यांना ती ११० वर आली तरी थरथरायला लागतं. ती खरी लो नसते, शरीर हळूहळू सरावतं.

न कळणारी लो

बीपीसाठी मेटोप्रोलोलसारखी गोळी चालू असेल तर धडधड आणि थरथर दबली जाते. खूण उरते ती बहुतेक घामाची. वारंवार लो होणाऱ्यांना तर पुढे पुढे काहीच जाणवत नाही, एकदम शुद्धच हरपते. रात्रीची लो झोपेत निघून जाते. वाईट स्वप्नं, ओली उशी, सकाळी जड डोकं, असं वरचेवर होत असेल तर एक-दोन दिवस रात्री तीनला उठून मोजा आणि तो आकडा डॉक्टरांना दाखवा.

लाल टोपी, केशरी टोपी

हे मी काउंटरवर रोज ओरडून सांगतो. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींचं मिळतं, एका मिलीत ४० युनिट किंवा १०० युनिट. ४० युनिटवाल्या व्हायलला, म्हणजे बाटलीला, लाल टोपीची सिरिंज, १०० युनिटवाल्याला केशरी टोपीची. इन्सुलिन टोचायच्या पेनची काडतुसं १०० ची असतात. पेन बिघडला म्हणून कोणी काडतुसातून लाल टोपीच्या सिरिंजनं २० ची खूण येईपर्यंत औषध ओढलं, तर अंगात जातात ५० युनिट. अडीच पट! काकांच्या त्या सकाळचं कारण नेमकं हेच निघालं. आदल्या रात्री पेन अडकला आणि शेजारच्या घरून सिरिंज मागून आणली होती. मी तसाच त्यांना रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं, कारण इतकं इन्सुलिन गेल्यावर एका ग्लासानं भागत नाही.

उपास

एकादशी आहे म्हणून जेवण नाही, पण गोळी मात्र वेळेवर. संकष्टीला तर चंद्र उगवेपर्यंत पोट रिकामं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड ही शुगरची औषधं तुम्ही जेवलात की नाही हे बघत नाहीत, स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढतच राहतात. नुसत्या मेटफॉर्मिननं लो क्वचितच होते. उपास करायचाच असेल तर आठ दिवस आधी डॉक्टरांना विचारून डोस ठरवून घ्या. स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका. आणि मोजल्यावर लो निघाली, तर उपास तिथेच सोडायचा. देव समजून घेतो, मेंदू नाही.

ग्लिमेपिराइडसारख्या या गोळ्यांची दुसरी खोड म्हणजे त्यांचा असर लांबतो. वयस्कर माणूस, त्यात किडनी कमजोर, अशाची शुगर साखर देऊन वर आली तरी चार-सहा तासांनी पुन्हा घसरू शकते. "आता बरं वाटतंय" म्हणून एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. आधी कधी लो न होणाऱ्याला अचानक व्हायला लागली तर किडनीची तपासणीही करून घ्यावी.

शुद्ध हरपली तर

तोंडात काहीही घालायचं नाही. ना साखर, ना पाणी, ना मध. श्वासनलिकेत गेलं तर जीव जाईल. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा. दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज देतात. स्कूटरवर असताना लो वाटली तर गाडी बाजूला घ्या, आणि शुगर वर आल्यावरही पाऊण तास तरी किल्लीला हात लावू नका. मेंदूला सावरायला तेवढा वेळ लागतो.

काका आता ठीक आहेत. त्यांच्या उशाशी ग्लुकोजचा डबा असतो. त्यावर काकूंनी चिकटपट्टी लावून लिहिलंय, "फक्त आजोबांसाठी". नातवंडं तो चाटून संपवतात, म्हणून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला काकू नवा न्यायला येतात.