मुंबईच्या कथेत एकटेपणा लिहिताना

पहिल्या खर्ड्यात ‘एकटा’, ‘उदास’, ‘पोकळी’, ‘भकास’ हे शब्द शोधा आणि खोडा. वाक्य लंगडं पडलं, तर तिथे मुळात काही घडतच नव्हतं.

मग जागा पक्की करा. वरळीच्या बीडीडी चाळीत 160 चौरस फुटांची खोली, संडास मजल्यावर सामाईक. तिथे एकांत मिळत नाही, आणि एकटेपणा नेमका त्या गर्दीतून लिहायचा असतो. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात नोकरी गेलेला गिरणी कामगार घ्या. तो रडत नाही. पहिल्या पाळीच्या वेळेला उठतो, दाढी करतो. डबा मात्र कुणी भरत नाही. सून हंडा घेऊन येते, ‘बाबा, पाय घ्या जरा.’ बस, एवढंच. यावर लेखकाने भाष्य केलं की प्रसंग मेला.

निराशेला हिशेब लागतो: थकलेलं भाडं, पतपेढीचा हप्ता, न मिळालेली ग्रॅच्युइटी. तो नसेल तर पात्र नुसतं रडतराऊत वाटतं.

दोन हजार शब्दांच्या कथेत मनातल्या विचारांचा परिच्छेद एक, फार तर दोन. पाऊस आणि मरीन ड्राइव्ह टाळा, वापरून गुळगुळीत झालेत. मध्ये एखादा विनोद हवाच, नाहीतर वाचक बधिर होतो.

शेवट आत्महत्येवर बेतला असेल, तर तेवढा भाग काढून कथा वाचून पाहा. बहुतेक वेळा ती आधीच्या पानावरच संपलेली असते.