वाळूत रुतलेली फोर बाय फोर कशी काढावी: गोव्याच्या किनाऱ्यासाठी मार्गदर्शन

गाडी वाळूत बसली की आतले सगळेजण एकच सल्ला देतात: "अजून थोडा रेस दे." तो ऐकायचा नाही. जागच्या जागी फिरणारे चाक पुढे सरकत नाही, स्वतःखालची वाळू मागे फेकत खाली जाते, आणि आठ-दहा सेकंदांत गाडीचे पोट टेकते. चाक फिरतेय पण गाडी हलत नाही असे जाणवताच पाय काढला, तर पुढचे काम अर्ध्या तासाचे असते. हट्टाने रेस देत राहिलात तर ते ट्रॅक्टरचे होते.

आधी कायद्याचे. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे. पर्यटन स्थळांच्या संरक्षणाचा २००१ चा कायदा त्यासाठी आहेच, शिवाय बेदरकार गाडी चालवल्याचा गुन्हाही नोंदवला जातो. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली भाड्याची गाडी असेल तर तिच्या मालकाचीही डोकेदुखी होते. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, तिथे चाकाखाली काय येईल हे वरून दिसत नाही. म्हणून हे मार्गदर्शन मौजेसाठी नाही. होड्या ओढणाऱ्या किंवा परवानगीने सामान नेणाऱ्या गाड्या रुततात, किनाऱ्याकडे उतरणाऱ्या वाळूच्या वाटांवर गाड्या फसतात, पार्किंगमध्ये वळवताना दोन चाके कडेच्या मऊ वाळूत जातात. त्यांच्यासाठी हे लिहिले आहे.

पहिली दोन मिनिटे: समुद्र आणि चाके

इंजिन चालू राहू दे, गियर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढा आणि सगळे खाली उतरा. सामानही उतरवा. चार माणसे आणि त्यांच्या बॅगा म्हणजे सहज तीनशे किलो, तेवढे वजन वाळूवरून आधीच कमी होते.

मग पाण्याकडे बघा. भरती येतेय की सुकती लागली आहे? मुरगाव बंदराचे भरती-ओहोटीचे कोष्टक फोनवर मिळते. रेंज नसेल तर कोकणातला जुना हिशेब कामाला येतो: तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची अदमासे वेळ. अष्टमीला सहाच्या सुमारास, चतुर्थीला तीनच्या सुमारास. एखादा तास इकडेतिकडे धरायचा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला गोव्यात पाणी दोन मीटरच्या आसपास चढते. ऐकायला हे थोडे वाटते. पण किनाऱ्याचा उतार तीस मीटरला एक मीटर असेल तर दोन मीटर चढलेले पाणी साठ मीटर आत येते. भरती एकसारख्या गतीने चढत नाही, सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत निम्मे पाणी चढते. लाट टायरला लागण्याइतकी जवळ असेल आणि पाणी चढत असेल, तर पुढचे सगळे उपाय एकामागून एक करून बघायला वेळ नसतो. एका माणसाला लगेच मदत आणायला पाठवा, बाकीच्यांनी काम सुरू करावे. टायरभोवती फिरून परतणारी प्रत्येक लाट खालची वाळू ओढून नेते, त्यामुळे गाडी उभ्या उभ्या खचत जाते.

आता वाकून गाडीखाली बघा. चाके अर्ध्यापेक्षा कमी बुडाली आहेत आणि डिफरन्शियलचा गोळा (डाव्या-उजव्या चाकांमधल्या एक्सलवरचा फुगीर भाग) वाळूला टेकलेला नाही, तर निम्मे काम हवा काढून होईल. पोट टेकले असेल तर फावड्याला पर्याय नाही. पोटावर बसलेल्या गाडीचे वजन चाकांवर नसतेच, मग चाकांना पकड कुठून मिळणार? आणखी एक गोष्ट खाली उतरूनच बघायची: पुढची चाके सरळ आहेत का. गडबडीत स्टिअरिंग पूर्ण वळलेले राहते आणि आत बसून ते कळत नाही. वळलेली चाके वाळूत नांगराच्या फाळासारखी अडतात.

हवा काढा, आणि पुरेशी काढा

सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो, आणि लोक नेमकी यातच कंजुषी करतात. रस्त्यावर तीस-बत्तीस पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) असलेले टायर पंचवीसवर आणून काहीही होत नाही. चारही टायर सरळ अठरावर आणा. गाडी हलली नाही तर पंधरा. अगदीच अडले तर बारा. जिम्नीसारख्या बाराशे किलोच्या गाडीला पंधरा सहज चालते, दोन टनांच्या वरच्या गाड्यांना सुरुवात अठरा-वीसपासून करा. बाराच्या खाली टायरची कड रिमवरून निसटण्याची भीती असते. तशी ती निसटली तर वाळूत परत बसवणे जवळजवळ अशक्यच.

हवा कमी झाली की टायर रुंद होतो त्यापेक्षा जास्त लांब होतो. जमिनीला टेकणारा पट्टा पुढे-मागे वाढतो, वजन जास्त वाळूवर पसरते आणि चाक खणण्याऐवजी वर चढते. व्हॉल्व्हची पिन किल्लीच्या टोकाने दाबून एका टायरला दोन-तीन मिनिटे लागतात. गेज जवळ हवाच, दोनेकशे रुपयांचा पेन्सिलसारखा गेजही चालतो. डोळ्याने अंदाज करणारे नेहमी हवी त्यापेक्षा कमीच हवा काढतात. व्हॉल्व्हच्या टोप्या खिशात ठेवा, वाळूवर ठेवलेली टोपी परत सापडत नाही.

खणताना

रुतलेल्या गाडीला बाहेर पडायचा रस्ता बहुतेक वेळा मागे असतो. आलात त्या वाटेवरची वाळू तुमच्याच चाकांनी दाबलेली असते, पुढची कोरी आणि मऊ. तेव्हा रिव्हर्सने काढायचे ठरवा आणि चारही चाकांच्या मागे खणा. चाकाच्या तळापासून वर येणारा हलका उतार हवा, निदान मीटरभर लांब, टायरपेक्षा थोडा रुंद. चाकामागे नुसता खड्डा केलात तर चाक त्यातच बसते. कोरडी वाळू बाजूने परत ढासळत राहते, म्हणून खणलेला माल निदान हातभर दूर टाका.

मग पोटाखालची वाळू. पुढचा-मागचा डिफरन्शियल, एक्सल, डिझेलची टाकी, सायलेन्सर, बंपरची खालची कड, जिथे जिथे वाळू टेकली आहे तिथून ती ओढून काढा. लांब दांड्याचे फावडे इथे उपयोगी पडते. गाडीखाली आडवे होऊन हाताने खणू नका. वाळू खचली की गाडी खाली येते, आणि सायलेन्सर तापलेला असतो तो वेगळाच.

जॅक लावायचा तर त्याखाली फळी हवी: फूटभर चौरस, निदान पाऊण इंच जाड प्लाय. फळीविना जॅक गाडी उचलत नाही, स्वतःच वाळूत जातो. चाक उचलले की खालचा खड्डा भरून दाबा, ओली वाळू मिळाली तर उत्तम, आणि गाडी खाली घ्या. जॅकवर असताना शरीराचा कोणताही भाग गाडीखाली नको.

चाकाखाली काय घालायचे

ट्रॅक्शन बोर्ड, म्हणजे चाकाखाली घालायच्या दातेरी प्लास्टिकच्या पट्ट्या, असतील तर त्यांचे टोक टायरखाली नीट खुपसा, दात वर. नुसते चाकाजवळ टेकवून ठेवले तर चाक त्यांना ढकलून देते. बोर्डवर चाक फिरू देऊ नका, प्लास्टिकचे दात काही सेकंदांत वितळतात.

बोर्ड नसतील तर गोव्यात झावळ्यांना तोटा नाही. देठाकडचा जाड भाग तोडून टाका, पाती असलेला भाग चाकाच्या वाटेवर आडवा, दोन-तीन थरांत अंथरा. ओली केलेली गोणपाटे त्याहून बरी. पण सुक्या झावळ्या किंवा सुरूची सुकी पाने गरम सायलेन्सरखाली साचू देऊ नका, पेट घेतात. मर्यादवेल उपटून चाकाखाली घालण्याचा मोह आवरा. वाळूच्या टेकड्या तीच धरून ठेवते, आणि चाकाखाली तिचा काही सेकंदांत लगदा होतो. गाडीतले रबरी मॅट हा सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात निकामी उपाय: पहिल्याच फेऱ्यात मागे उडतात. बोर्ड असोत की मॅट, चाकांच्या रेषेत पुढे-मागे कोणी उभे राहायचे नाही.

गियर आणि पाय

फोर व्हील ड्राइव्ह खरोखर लागली आहे का ते डॅशबोर्डवरच्या दिव्यावरून बघा. बहुतेक गाड्यांत लो रेंज (फोर लो, म्हणजे कमी वेगाचे पण जास्त ताकदीचे गियर) लावायला गाडी पूर्ण थांबलेली आणि गियर न्यूट्रलला लागतो, थारमध्येही तसेच. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा. चाक घसरते आहे असे समजून तो इंजिनची ताकद तोडतो, आणि वाळूत थोडे घसरणे तर होणारच. काही गाड्यांत फोर लो लावताच तो आपोआप बंद होतो. मागची दोन्ही चाके एकत्र फिरवणारा डिफरन्शियल लॉक बटणावर असेल तर आत्ताच लावा, पण गाडी सरळ जात असेपर्यंतच.

पुढे जायचे असेल तर लो रेंजचा दुसरा गियर घ्या. पहिल्यात ताकद इतकी मिळते की चाक लगेच फिरते. क्लच अलगद सोडा, रेस थोडा आणि एकसारखा. ऑटोमॅटिकमध्ये मॅन्युअल मोड लावून गियर धरून ठेवा. चाक फिरू लागले की ताबडतोब थांबा, उतरा, पुन्हा खणा. दोन वेळा खणणे हा कमीपणा नाही, तिसऱ्या चुकीच्या प्रयत्नात क्लचचा जळका वास येतो आणि मग गाडी बाहेर आली तरी घरी पोचत नाही.

ढकलणारे पाच-सहा जण असतील तर त्यांनी काचेवर किंवा बंपरवर नव्हे, दाराच्या खांबांवर आणि बॉडीच्या कडांवर जोर द्यावा. गाडी मागे घेताना मागे कोणीही नको.

गाडी हलली की घट्ट जमिनीपर्यंत थांबायचे नाही. मदत करणाऱ्यांना आत घ्यायला मध्येच थांबलात तर तीच गाडी तिथेच पुन्हा खणावी लागते. ब्रेक मारल्याने चाकांपुढे वाळूचा छोटा बांध तयार होतो, म्हणून वेग आपोआप कमी होऊ द्या.

दोर: इथेच माणसे जखमी होतात

दुसरी गाडी ओढणार असेल तर ती घट्ट जमिनीवर हवी. ओढायच्या आधी रुतलेल्या गाडीची हवा काढलेली आणि पोटाखालचे खणलेले हवे. नाहीतर तुम्ही गाडी नव्हे, तिच्यापुढची वाळूही ओढत असता.

दोर चेसिसला (गाडीच्या सांगाड्याला) जोडलेल्या टो हुकलाच लावा. बंपर, सस्पेन्शनचे आर्म, स्टिअरिंग रॉड किंवा मागचा टो बॉल (ट्रेलर जोडायचा लोखंडी गोळा) यांना कधीही नाही. टो बॉल तुटला तर तो गोळीसारखा सुटतो. बंपरच्या झाकणीमागे फिरवून बसवायचा, दोर लावायचा लोखंडी डोळा असेल तर तो शेवटच्या आट्यापर्यंत घट्ट करा, आणि सरळ रेषेत, सावकाशच ओढा. झटक्याचे काम त्याचे नाही.

साधा दोर आणि ताणणारा काइनेटिक दोर यांतला फरक ओळखा. साध्या दोराला आधी ताण द्यायचा, मग हळू ओढायचे. झटका दिला तर दोर तुटतो किंवा हुक उपटतो. काइनेटिक नायलॉन दोर ताणला जाऊन जोर साठवतो, त्याला मीटर-दीड मीटर ढील देऊन पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये चालायच्या वेगाने निघायचे. थारसारख्या पावणेदोन टनांच्या गाडीला निदान सात-आठ टनांचा दोर घ्या. दोर हुकला जोडणारी लोखंडी कडी, म्हणजे बो शॅकल, तीन पूर्णांक पंचवीस टनांचे किंवा त्याहून वरचे. पिन घट्ट फिरवून पाव आटा मागे घ्या, नाहीतर ताणानंतर ती सुटत नाही. दोन दोर जोडायला मध्ये शॅकल घालू नका, दोर तुटला की ते लोखंड उडते. दोराच्या मध्यावर जाड चादर किंवा ओले गोणपाट टाका. सगळ्या माणसांनी दोराच्या लांबीच्या दीडपट दूर आणि बाजूला उभे राहावे. फोनवर शूटिंग करणाऱ्यांनी तर नक्कीच.

होड्या ओढणारा ट्रॅक्टर मिळाला तर त्यासारखे दुसरे काही नाही, पण चालवणाऱ्याला स्पष्ट सांगा: ताण घेऊन सावकाश, झटका नको. रुतलेल्या गाडीनेही त्याच वेळी लो रेंजमध्ये हलका रेस द्यावा. खाडीच्या तोंडाशी, मोरजीजवळ शापोराच्या किंवा बेतूलला साळ नदीच्या मुखाशी, वाळूत खालून पाणी झिरपत असते. तिथे खणलेला खड्डा लगेच भरतो, हवा काढूनही फारसे साधत नाही. अशा जागी फावड्यावर वेळ न घालवता सुरुवातीलाच ट्रॅक्टर बोलवा. पाणी चढत असेल आणि कोणी अडकले असेल तर ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

बाहेर आल्यावर

खणलेले खड्डे आणि चाकोऱ्या बुजवा. कासवांची पिल्ले चाकोरीत पडली की त्यांना बाहेर येता येत नाही.

हवा कमी असताना ताशी तीस किलोमीटरच्या वर जाऊ नका आणि झटक्याने वळू नका. बारा व्होल्टच्या पंपाने एक टायर भरायला पाच ते दहा मिनिटे जातात, इंजिन चालू ठेवून भरा, नाहीतर बॅटरी उतरते. त्याच दिवशी गोड्या पाण्याने चेसिस, चाकांची आतली बाजू, रेडिएटर आणि ब्रेक धुवा. समुद्राचे पाणी एक्सलच्या वर आले असेल तर डिफरन्शियलचे तेल काढून बघा: दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे, बदलूनच गाडी चालवा. धुतल्यावर ब्रेकमधून किरकिर आवाज येत राहिला तर डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्याच्या मध्ये वाळू अडकलेली असते. चाक काढून ती झटकली की आवाज जातो, तशीच चालवत राहिलात तर डिस्कवर ओरखडे पडतात.