लेन्स सर्व्हिसला टाकण्याआधी

पावसाळा सरला की पुण्यातल्या कॅमेरा असिस्टंटला सेटमधली एखादी तरी लेन्स रुसलेली सापडतेच. ती उचलून मुंबईची गाडी पकडण्याआधी घरी एक दुपार काढा.

दोष लेन्सचाच आहे ना, हे आधी ठरवा. ट्रायपॉड, स्टार चार्ट (फोकस तपासायचा, मध्यातून रेघा फाकलेला छापील तक्ता) आणि टेप घ्या. टेप कॅमेऱ्याच्या बॉडीवरच्या सेन्सरच्या खुणेपासून धरायची, लेन्सच्या तोंडापासून नाही. घाईत मुरलेली माणसंही इथे चुकतात. आयरिस, म्हणजे लेन्समधलं प्रकाश कमी-जास्त करणारं पात्यांचं छिद्र, पूर्ण उघडा, ६ फुटांवर चार्ट शार्प करा आणि फोकसची रिंग किती फूट दाखवते ते लिहून ठेवा. मग तीच लेन्स दुसऱ्या बॉडीवर. एका बॉडीवर सगळ्याच वाइड लेन्स चुकत असतील तर बिचाऱ्या लेन्सला दोष देऊ नका. पीएल माउंट, म्हणजे सिनेमाची लेन्स बॉडीला जिथे बसते ती कडी, तिच्यापासून सेन्सर ५२ मिलिमीटरवर असावा लागतो. त्यात ०.०२ मिलिमीटरचा फरक पडला की ६ फुटांवर १८ मिलिमीटरच्या वाइड लेन्सची खूण वीतभर सरकते, १००ची मात्र बोटभरही नाही. म्हणून तपासणी वाइडपासून.

मग अंधाऱ्या खोलीत मागून तिरपा टॉर्च मारा. तापकीर गल्लीतला साधा एलईडी टॉर्चही चालतो. धुळीचे चार कण दिसतील, ते सोडून द्या. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. ही लेन्स बाकीच्या सेटपासून लांब ठेवा. बुरशीने खाल्लेलं कोटिंग पुसून परत येत नाही. डब्यातला फोमही ओल धरून बसतो, तो वाळवा, सिलिका जेल बदला.

रिंग जड लागत असेल तर फक्त पहाटे की दुपारीही, ते टिपा. थंडीत जुनं ग्रीस घट्ट होतं. तेलाचा थेंबही सोडू नका, ते आयरिसच्या पात्यांवर उतरतं.

माउंटचे स्क्रू? मी एकदा उघडले होते. आतली कागदासारखी पातळ शिम, म्हणजे लेन्सचं अंतर जुळवणारी चकती, पंख्याने उडवली, संध्याकाळी कपाटाखाली सापडली, तीही वाकलेली. प्रत्येक लेन्सची शिम तिच्या मापाची असते, दुसरीची उसनी चालत नाही. कोलिमेटर, म्हणजे लेन्सचा फोकस अचूक तपासायचं यंत्र, नसलेल्या घरात माउंटला हात नको.

नेताना दोन्ही कॅप, सिरियल नंबरचा फोटो आणि चिठ्ठी. ‘सॉफ्ट येते’, म्हणजे धूसर दिसते, एवढंच लिहिलं तर कारागिराने काय ओळखायचं? अंतर, स्टॉप (आयरिसचा आकडा), बॉडी, सगळं लिहा. आणि परत मिळायची तारीख शूटच्या किमान दोन दिवस आधीची ठरवा. तोच चार्ट, त्याच बॉडीवर पुन्हा लावायचा आहे.