मॅक्रोसाठी घरगुती डिफ्यूझर : या चुका टाळा

मॅक्रो, म्हणजे कीटकांची अगदी जवळून छायाचित्रे घेताना, फ्लॅशच्या तोंडावर टिश्यू पेपर रबरबँडने आवळला की डिफ्यूझर, म्हणजे फ्लॅशचा प्रखर प्रकाश पसरवून मऊ करणारा पडदा, तयार झाला, अशी समजूत करून घेऊन येणाऱ्यांची छायाचित्रे मी बरीच वर्षे पाहतो आहे आणि आता त्यांचा कंटाळा आला आहे. प्रकाश मऊ होतो तो कीटकाच्या जागेवरून पाहिल्यास प्रकाशाचा स्रोत किती मोठा दिसतो, त्यावर. फ्लॅशचे तोंड जेमतेम सात-आठ सेंटिमीटर रुंद असते. त्याला कागद घट्ट चिकटवला तर स्रोत तेवढाच राहतो आणि उजेड मात्र कमी होतो. कागद फ्लॅशपासून लांब, कीटकाच्या जवळ आणि आकाराने मोठा असला, मधल्या पोकळीत प्रकाश पसरून तो संपूर्ण उजळला, तरच त्याचा उपयोग.

हे मला रताळ्याच्या वेलावरच्या सोनेरी कासव-भुंगेऱ्याने शिकवले. त्याचे सोनेरी तेज कवचातील ओलाव्यावर अवलंबून असते आणि वाळलेल्या नमुन्यात ते उरत नाही, म्हणून छायाचित्र जिवंतपणीच घ्यावे लागते. परतीच्या पावसात, एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर चिखलात गुडघे टेकून मी पाऊण तासात दीडशेच्या आसपास फ्रेम घेतल्या. कॅमेऱ्याच्या लहान पडद्यावर सारे उत्तम दिसत होते. घरी संगणकावर उघडल्यावर कळले, की प्रत्येक भुंगेऱ्याच्या पाठीवर फ्लॅशचा चौकोन जसाच्या तसा पांढराफटक उमटला आहे. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, असूनही काही हाती लागले नाही, कारण जळालेल्या भागात परत आणण्यासारखा तपशीलच नसतो. पुढच्या रविवारी पुन्हा गेलो, तोवर वेल उपटून रताळी काढून झाली होती.

तेव्हापासून प्रत्येक नवा डिफ्यूझर मी आधी स्टीलच्या चमच्यावर तपासतो. चमचा पालथा ठेवून 1:1 वर (वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराएवढी उमटते तेव्हा) छायाचित्र घ्यावे आणि फुगीर पाठीवरचे प्रतिबिंब मोठे करून पाहावे. मध्ये झगझगीत ठिपका आणि कडा अंधाऱ्या दिसल्या, तर फ्लॅशच्या बाजूला, डिफ्यूझरच्या कागदाच्या पहिल्या पदराच्या मधोमध, बटर पेपरचा छोटा तुकडा लावावा आणि पुन्हा पाहावे. पांढरेपणा कडेपर्यंत सारखा दिसेपर्यंत हे करावे. संध्याकाळी आइस्क्रीमचा डबा कापून दुसऱ्या दिवशी पहाटे ताम्हिणीला निघणाऱ्या उत्साही मंडळींना एवढी दहा मिनिटे जड जातात.

याच्या उलट चूक म्हणजे मऊपणाच्या हव्यासाने चार-चार पदर लावणे. 1:1 वर लेन्स आधीच सुमारे दोन स्टॉप प्रकाश खाते (एका स्टॉपला प्रकाश निम्मा होतो), म्हणजे कॅमेऱ्यात ठेवलेले f/11 हे लेन्सच्या छिद्राचे माप प्रत्यक्षात f/22 च्या घरात जाते. त्यावर पदरांची भर पडली की फ्लॅश पूर्ण शक्तीवर चालवावा लागतो. कमी शक्तीवर त्याचा झोत अगदी क्षणभराचा असल्यामुळे हाताची थरथर गोठते. पूर्ण शक्तीवर तो लांबतो, थरथर चित्रात उतरते आणि फ्लॅश पुन्हा भरेपर्यंत उडी मारणारा कोळी पानामागे गेलेला असतो. मला फ्लॅशच्या 1/8 शक्तीच्या वर जावे लागले, तर मी सरळ एक पदर काढून टाकतो. पूर्ण शक्तीवर भराभर झोत मारल्यास तोंडाला टेकलेला कागद तापून तपकिरी पडतो, हेही एकदा अनुभवून झाले आहे.

जुनाट, पिवळसर पडलेले प्लास्टिक वापरू नये. प्रत्येक फ्रेमचा रंग सुधारत बसावे लागते. फ्लॅशपासून कागदापर्यंतच्या नळकांड्याला आतून ॲल्युमिनियमचा कागद लावावा, नाहीतर निम्मा प्रकाश भिंतीच पितात. आंबोलीसारख्या ठिकाणी पावसाळ्यात ट्रेसिंग पेपर दमट हवेने लाटांसारखा वळतो. तेथे टीव्हीच्या खोक्यात येते ती पातळ पांढरी फोमची शीट बरी.

डिफ्यूझरची लांबी मापून घ्यावी. 100 मिमीच्या मॅक्रो लेन्सच्या टोकापासून 1:1 वर कीटक साधारण तेरा ते पंधरा सेंटिमीटरवर असतो, आणि डिफ्यूझर एवढा पुढे आला की त्याची कड आधी गवताला लागते, पान हलते आणि कीटक उडून जातो. मी कड पाच सेंटिमीटर मागेच ठेवतो आणि तिला मऊ चिकटपट्टी लावतो. फ्लॅशला बांधायला रबरबँड मात्र मी सोडून दिला. तो भर पावसात तुटतो. त्याऐवजी रुंद वेल्क्रो वापरतो, तोही दोन जागी.