रताळं, कोनफळ की सुरण? निवडताना आणि रांधताना या चुका टाळा

आषाढी एकादशी किंवा महाशिवरात्र जवळ आली की नागपुरात गोकुळपेठेपासून कॉटन मार्केटपर्यंत रताळ्यांचे ढीग लागतात. शेजारी सुरणाचे मोठाले तुकडे असतात आणि थंडीत कुठेकुठे जांभळं कोनफळही दिसतं. तिन्ही कंद जमिनीखालचे, तिन्ही उपासाला चालणारे. त्यामुळे तिघांनाही कुकरमध्ये टाकून सारख्याच शिट्ट्या दिल्या जातात. मग रताळं पाणचट होतं, कोनफळ कचवट राहतं आणि सुरण घशाला खाजतो. वास्तविक तिघांची कुळं वेगळी आहेत आणि चुलीवरचे हट्टही वेगळे आहेत.

फक्त नाव सांगून घेऊ नका

नागपुरात एकाच ठेल्यावर मराठी, हिंदी आणि गुजराती बोललं जातं. त्यात रताळं आणि रतालू हमखास एकमेकांत मिसळतात. आपलं रताळं म्हणजे हिंदीतलं शकरकंद. गुजराती घरात उंधियूसाठी रतालू आणायला सांगतात ते मात्र कोनफळ. इंटरनेटवरच्या अमेरिकन पाककृतींनी गोंधळ आणखी वाढवला आहे. तिकडे केशरी गराच्या मऊ रताळ्यालाच बरेचदा ‘यॅम’ म्हणतात. खरा यॅम म्हणजे कोनफळ, करांदा, काटेकणगी ही मंडळी. पाककृतीत यॅमला साखर-लोणी लावून भाजायला सांगितलं असेल तर तिथे रताळंच घ्या. कोनफळ कितीही भाजलं तरी ती गोडी यायची नाही.

रताळं हे गारवेलीच्या आणि नाल्याकाठी माजणाऱ्या बेशरमाच्या कुळातलं. मूळचं अमेरिका खंडातलं, पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आलं. सुरण तर रताळं आणि कोनफळ या दोघांचाही नातलग नाही, तो अळूच्या आणि आपल्या कोचईच्या (अरवीच्या) घरातला. खाज कुठून येते ते यावरून कळावं.

ओळख डोळ्यांनी आणि नखाने पटवा. रताळं मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळतं असतं. त्याची साल पातळ, लाल किंवा पांढरट, नखाने सहज निघते आणि ताज्या कापावर दुधासारखे थेंब येतात. कोनफळाची साल झाडाच्या खोडासारखी खरबरीत, तपकिरी, मुळांचे केस असलेली. आतला गर जांभळा किंवा पांढरा, हाताला बुळबुळीत लागतो. सुरण चपटा, वर डोळ्याचा खळगा असलेला, म्हणून तो ओळखताना सहसा कुणी चुकत नाही.

रताळ्याला घाई करू नका

सगळ्यात जास्त नासाडी इथेच होते. रताळं शिजताना गोड होतं, कारण त्यातलं एक विकर (एन्झाइम) पिठाचं साखरेत रूपांतर करतं. हे काम साधारण 60 ते 75 अंश सेल्सिअसच्या दरम्यान जोरात चालतं. कुकरमध्ये तापमान हा टप्पा झपाट्याने ओलांडतं आणि विकर काम पुरं करण्याआधीच निकामी होतं. निखाऱ्यावर किंवा मंद आचेवर हळूहळू तापणाऱ्या रताळ्याला हा वेळ मिळतो. म्हणून निखाऱ्यात भाजलेलं रताळं इतकं गोड लागतं. घरी जाड बुडाच्या कढईत सालीसकट आख्खं रताळं ठेवा, झाकण घाला, आच अगदी बारीक ठेवा आणि अधूनमधून फिरवा. मध्यम आकाराच्याला पाऊण तास सहज लागतो. सुरी लोण्यात जावी तशी आत गेली की झालं.

उकडायचंच असेल तर पाण्यात बुडवू नका, वाफवा. कापून पाण्यात उकडलेलं रताळं पाणी पितं आणि मग घाऱ्या तेलात फुटतात. घाऱ्यांचं पीठ सैल झालं की लोक कणीक ओतत राहतात आणि घाऱ्या चिवट होतात. त्याऐवजी वाफवलेलं रताळं पूर्ण गार करून किसा, किसलेला गूळ मिसळून दहा मिनिटं थांबा आणि मग मावेल तेवढंच पीठ घाला. उपासाला राजगिऱ्याचं किंवा शिंगाड्याचं चालतं. तेल कडकडीत नको. आतल्या साखरेमुळे बाहेरून लगेच काळ्या पडतात आणि आत कच्च्या राहतात.

गोड काप करताना गूळ आधी टाकू नका. तुपावर झाकण ठेवून काप पूर्ण मऊ होऊ द्या, गूळ-वेलची शेवटी घाला. गूळ आधी पडला तर काप मऊ व्हायला फार वेळ घेतात. किसासाठी रताळं थेट पाण्यात किसा, नाहीतर काळं पडतं. घट्ट पिळा, जिरं-मिरचीच्या फोडणीत घाला आणि फार ढवळू नका, गोळा होतो. दाण्याचं कूट उतरवताना.

मधुमेह असलेल्यांनी एवढं लक्षात ठेवावं की भाजलेल्यापेक्षा उकडलेल्या रताळ्याने रक्तातली साखर कमी वेगाने चढते.

कोनफळ आणि सुरण कच्चट ठेवू नका

रताळं कच्चंही खाता येतं, हे दोन्ही नाही. कोनफळाची साल जाडसर काढा आणि फोडी पूर्ण शिजवा. बुळबुळीतपणा तळल्यावर किंवा नीट उकडल्यावर जातो.

सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, तेच टोचतात. चिरताना हात कोरडे ठेवा आणि तेल लावा. फोडी चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पाण्यात मीठ घालून मऊ उकडा, ते पाणी फेका आणि मग भाजी करा. नुसतं वाटणात परतून रस्सा उकळला की शिजला असं समजू नका, मसाल्याने खाज जात नाही. खाल्ल्यावर ओठ किंवा घसा सुजला, श्वास जड वाटला तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांकडे जा.

रानातून आणलेल्या कंदांबाबत माझं मत ठाम आहे: ओळख पटवणारं जाणतं माणूस नसेल तर शिजवू नका. काही रानकंद विषारी असतात. आदिवासी भागातल्या बाया ते चकत्या करून, राखेत उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून मग खातात. ते ज्ञान व्हिडिओ पाहून येत नाही.

किडकं रताळं कापून वापरू नका

बटाट्याचा खराब भाग काढून उरलेला वापरायची सवय रताळ्याला लावू नका. भोकं, आत तपकिरी-काळे बोगदे, उग्र वास आणि कडू चव ही सोंडकिड्याची खूण आहे. कीड किंवा बुरशी लागली की रताळं स्वतःच्या बचावासाठी कडू, विषारी द्रव्यं तयार करतं. ती शिजवून पूर्ण नष्ट होत नाहीत आणि चांगल्या दिसणाऱ्या भागातही पसरलेली असू शकतात. असं रताळं गाईलाही घालू नका. बुरशीच्या रताळ्याने जनावरांना फुफ्फुसाचा गंभीर आजार होतो.

फ्रीजमध्ये ठेवू नका

दहा-बारा अंशांखाली कच्च्या रताळ्याचा गाभा टणक होतो आणि मग कितीही शिजवा, मऊ होत नाही. डिसेंबर-जानेवारीत नागपूरचा पारा रात्री 10 च्या खाली उतरतो, तेव्हा गॅलरीतही नको. स्वयंपाकघरात टोपलीत, न धुता, हवा लागेल असं ठेवा. उन्हाळ्यात मात्र साठवण्याच्या भानगडीत पडू नका, दोन-तीन दिवसांपुरतंच आणा.